मधली जागा

पहिल्या वर्षाच्या वर्गात संधी शिकवताना आम्ही गेली अठरा-वीस वर्षे फळ्यावर एकच व्याख्या लिहीत आलो आहोत. दोन वर्ण एकापुढे एक आले म्हणजे ते परस्परांत मिसळतात आणि त्या मिसळण्याने जो बदल घडतो, त्यास संधी म्हणावे. विद्या अधिक आलय, सूर्य अधिक उदय. मुले वहीत उतरून घेतात, परीक्षेत सोडवतात आणि विसरतात. आम्ही मात्र विसरलो नव्हतो. उलट ही व्याख्या इतकी अंगवळणी पडली होती की तिच्याकडे पुन्हा वळून पाहावे असे कधी वाटलेच नाही. आम्ही म्हणजे दोघे. विषय एक, घर एक. परभणी जिल्ह्यातली महाविद्यालये तेवढी दोन.

ही व्याख्या शरीराला लावली तर उलटी होते, हे आम्हाला परभणीतल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या खोलीत कळले. उजेडाच्या पेटीवर आईच्या दोन्ही गुडघ्यांचे क्ष-किरण चित्र लावलेले होते. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची जन्मदाती आणि दुसरीची सासू, पण घरात तिला दुसरे नाव नाही.) डाव्या गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी पट्टी होती. उजव्यात, आतल्या बाजूला, ती पट्टी नव्हती. डॉक्टर पेनाचे टोक तिथे टेकवून म्हणाले, "मधली जागा संपलीय. हाडाला हाड लागलंय."

म्हणजे व्याकरणातल्या संधीत दोन वर्ण एक होतात तेव्हा संधी सिद्ध होते आणि देहातल्या संधीत दोन हाडे एकमेकांना भिडली की संधी संपते. इथे संधी म्हणजे मीलन नव्हे, राखलेले अंतर.

त्या काळ्या पट्टीने आमची आणखी एक फजिती केली. ती पोकळी आहे, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात ती जागा भरलेली असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे आवरण असते. त्यात हाडासारखा चुना नसल्यामुळे क्ष-किरणांना ते दिसत नाही, इतकेच. दोन्ही बाजूंच्या कूर्चांची मिळून जी जाडी, ती चित्रात कोरी उमटते. कवितेच्या दोन ओळींमधल्या मौनावर आम्ही तास-तास बोलतो. इथे समोर कोरी जागा होती आणि तिच्यात काही असेल अशी शंकासुद्धा आम्हाला आली नाही.

घरी आल्यावर आमच्या सवयीप्रमाणे आम्ही आधी शब्दांच्या मागे लागलो. पाठ्यपुस्तकात 'कूर्चा' आहे. पण परभणीच्या बाजारात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे 'गादी झिजली' असे म्हणतात, 'वाटी सरकली' म्हणतात आणि सर्वांत अधिक म्हणजे 'वंगण संपलं'. हे वंगणाचे रूपक आम्हाला प्रथम आधुनिक वाटले, दुचाकीच्या दुरुस्तीच्या दुकानातून आलेले. पण ते फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांतल्या श्लेष्म्याचे काम सांगताना गाडीच्या आसाचाच दृष्टान्त दिलेला आहे: स्नेह लावलेल्या आसावर चाक जसे नीट फिरते, तसे सांधे श्लेष्म्याच्या योगाने नीट चालतात. आईच्या माहेरच्या बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरून तुंब्यात बोट फिरवी, हे तिला अजून आठवते. म्हणजे सुश्रुताचा दृष्टान्त तिने डोळ्यांनी पाहिलेला आहे; आम्ही तो फक्त वाचला.

त्याच ग्रंथात सांध्यांची संख्या २१० दिली आहे: हातापायांत ६८, धडात ५९, मानेत आणि तिच्यावर ८३. त्यांचे चल आणि स्थिर असे दोन भेद केले आहेत, आणि आकारावरून आठ प्रकार. साहित्याच्या माणसाला मोह पडावा तो या आठ नावांचा. खुब्याचा सांधा 'उलूखल', म्हणजे आपले उखळ. कवटीच्या हाडांची जोडणी 'तुन्नसेवनी', म्हणजे कापडाला घातलेली शिवण. जबड्याचा सांधा 'वायसतुंड', कावळ्याची चोच. पेटीसारखा तो 'सामुद्ग'. स्वयंपाकघर, शिवणकाम, अंगणात उतरणारा पक्षी यांच्यातून शरीरशास्त्राची परिभाषा उभी राहिली आहे. (आज आम्ही 'कूर्चा' हा शब्द शब्दकोशातून उचलून आणतो आणि आईला तो दोनदा सांगावा लागतो, परिभाषा कशी घडू नये याचा हा घरगुती नमुना.)

पण रूपकावर विसंबून राहण्यात धोका असतो, हे आम्हीच विद्यार्थ्यांना शिकवतो. 'वंगण संपलं' हे वाक्य अर्धे खरे आहे. निरोगी गुडघ्यात सांधेद्रव असतोच मुळी चमचाभराहून कमी. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तो चिकट, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने त्याला जे 'सिनोव्हिया' हे नाव दिले, त्याचा संबंधही अनेक जण अंड्याशीच लावतात. झिजलेल्या, सुजलेल्या गुडघ्यात हा द्रव बहुधा संपत नाही, उलट वाढतो. मात्र पातळ होतो, त्यातला बुळबुळीतपणा उणावतो. आईचा गुडघा सुजला होता तेव्हा त्यात वंगण नको इतके होते. उणे झाले होते ते वेगळेच काही.

ते काय, हे पाहायला आम्ही एका रविवारी मटणाच्या दुकानात गेलो. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे एक स्नेही सोबत होते. खाटकाने बोकडाचा गुडघा सांध्यातून मोकळा करून दिला. आयुष्यात शेकडो वेळा ताटात आलेली ही वस्तू आम्ही प्रथमच पाहत होतो. हाडाचे टोक निळसर पांढरे, ओल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चकाकणारे. नखाने दाबले की किंचित दबे आणि नख काढताच पूर्ववत होई. दोन टोके एकमेकांवर ठेवली की ती जागेवर राहीनात, सरकून जात. बर्फावर बर्फ सरकताना जितके घर्षण होते, त्याहूनही निरोगी सांध्यातले घर्षण कमी असते, असे स्नेही म्हणाले. त्यांनी चाकूने एक पातळ काप काढून उजेडात धरला. त्यात एकही रक्तवाहिनी नव्हती.

इथून पुढचे जे ऐकले, त्याने आम्ही अस्वस्थ झालो, ते अजून आहोत. कूर्चेला रक्त नाही. तिला मज्जातंतूही नाहीत. माणसाच्या गुडघ्यात ती दोन ते चार मिलिमीटर जाड, वाटीच्या मागे थोडी अधिक. तिच्या वजनात दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी. बाकी कोलाजेनच्या धाग्यांचे जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. या सगळ्यात जिवंत पेशी अगदी तुरळक, घनफळाच्या दोनेक टक्के, एकमेकींपासून दूर दूर, डोंगरातल्या वाड्यांसारख्या. या पेशींना अन्न पोचते ते सांध्यातल्या द्रवातूनच, आणि तो द्रव आतवर जिरतो त्याला चालण्याची मोठी मदत होते. पाऊल टेकले की भार येतो, कूर्चेतले पाणी बाहेर पिळले जाते; पाऊल उचलले की भार सुटतो, पाणी पुन्हा आत ओढले जाते. तेवढ्या श्वासावर ती जगते. चालताना गुडघ्यावर शरीराच्या दुप्पट-तिप्पट भार येतो आणि हा भारच, येत-जात राहिला तर, तिचे जेवण आत ढकलतो. हालचाल थांबलेल्या पायातली कूर्चा पातळ होत जाते, हे मोजून पाहिलेले आहे.

आणि तिला मज्जातंतू नसल्यामुळे ती झिजताना दुखत नाही. दुखते ते नंतर. खालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालची बंधने यांना झळ पोचू लागते तेव्हा. गुडघा दुखू लागला ही बातमी कळते, तोवर आतली गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

आमच्या जिल्ह्याला हे आधीच ठाऊक असायला हवे होते. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. जनाबाई म्हटले की जाते आले. आम्ही वर्गात जनाबाईंचे अभंग शिकवतो, दळिता-कांडिता विठ्ठल कसा हाताला हात लावतो हे सांगतो, भक्तीने श्रम कसे हलके झाले यावर मुलांकडून टिपण लिहून घेतो. पण जात्याशी एक पाय दुमडून, एक लांब करून, अंधारापासून उजाडेपर्यंत बसणाऱ्या बाईच्या खुब्याचे, खांद्याचे, गुडघ्याचे काय होत असेल, हा प्रश्न आमच्या एकाही प्रश्नपत्रिकेत आला नाही. दळणाला कोणी हात लावावा असे एखाद्या बाईला वाटते, तेव्हा तिचा हात भरून आलेला असतो, एवढे साधे वाचन आम्ही कधी केले नाही. या ओघात एक विचित्र साम्य मनात आले. जात्याच्याही दोन तळ्यांत अंतर राखावे लागते. मधल्या खिळीला चिंधी गुंडाळून वरची तळी किंचित उचलून धरतात, नाहीतर दगडाला दगड लागून पिठात कच येते. मात्र जाते गुळगुळीत झाले की टाकी लावून घेता येते. कूर्चेला टाकी लावणारा कोणी नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच लिहून ठेवले की ती एकदा नष्ट झाली की पुन्हा येत नाही. पुढच्या पावणेतीनशे वर्षांत नवी कूर्चा रुजवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, लहान जखमांपुरते यशही आले. पण पूर्ण झिजलेल्या वृद्ध गुडघ्याच्या बाबतीत हंटर अजून खोटा ठरलेला नाही.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली गुडघ्यातल्या कूर्चेचे वय काढले. १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते आणि पुढे ते हळूहळू उतरत गेले. तो कार्बन धान्यातून माणसाच्या शरीरात आला. कुठल्या उतीत तो किती आहे हे मोजले की ती उती केव्हा घडली ते कळते. निष्कर्ष असा, की कूर्चेतले कोलाजेन मुख्यतः वाढीच्या वयातच विणले जाते आणि प्रौढपणी ते जवळजवळ बदलत नाही. दुखण्याने झिजू लागलेल्या गुडघ्यातही नाही. कातडी नवी होते, रक्त नवे होते, हाडेसुद्धा हळूहळू नवी होतात. हे धागे तेवढे जुने राहतात.

आम्ही बोटांवर हिशोब केला. १९७२ च्या दुष्काळात आई चौदा वर्षांची होती. त्याच वर्षी, १८ मे रोजी, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी पाऊस रुसला. गंगाखेड तालुक्यातल्या तिच्या गावातली माणसे रस्त्याच्या कामावर गेली. ती आईबरोबर, म्हणजे आमच्या आजीबरोबर, खडी फोडायला बसे. उकिडवे बसून, डाव्या हाताने दगड धरून, उजव्या हाताने हातोडी. खायला मिलोची लाल भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. तिच्या गुडघ्यातले धागे विणून पुरे होत आले ते हे दिवस. त्यानंतर लग्न, पाच एकर कोरडवाहू, कापसाची वेचणी, ज्वारीची काढणी, दोन बाळंतपणे, डोक्यावरून आणलेले पाणी. हे सारे तिने त्याच एका जाळ्यावर पेलले. आम्ही तिला हे समजावून सांगितले तेव्हा ती बराच वेळ गुडघ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे बहात्तरची सुकडी आजूक हितंच हाय म्हणा की."

खडी फोडण्यामुळेच गुडघा गेला, असे आम्ही म्हणत नाही. उकिडवे बसून वर्षानुवर्षे केलेल्या कामाने धोका वाढतो हे खरे. वय, वजन, ऋतुनिवृत्ती, आनुवंशिकता हीही कारणे आहेत, आणि एका माणसाच्या एका गुडघ्यात कोणाचा वाटा किती हे कोणी सांगू शकत नाही. पण एका कारणाबद्दल आम्हाला इतरांकडे बोट दाखवता येत नाही.

२०१६ सालीच वडील गेले आणि आम्ही आईला परभणीला आणले. तोवर ती रोज घर ते शेत असे दोनेक कोस चालत असे. आम्ही प्रेमाने तिचे चालणे बंद केले. 'आयुष्यभर केलंस, आता बस.' खाली बसू नकोस, गुडघे दुखतील. जिना नको. भाजी आम्ही आणू. तिला उंच पाठीची खुर्ची घेतली, समोर दूरदर्शन संच लावला, आणि आपण काहीतरी पुण्य करतो आहोत अशा समाधानात महाविद्यालयात जाऊन स्त्रीवादी समीक्षेवर व्याख्याने दिली. पहिल्या वर्षी वजन वाढले. दुसऱ्या वर्षी मांड्या बारीक झाल्या. तिसऱ्या वर्षी ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागली. "मला खुर्चीत बसवलंत तवापासून पाय दुसऱ्याचेच झालेत बगा," असे ती म्हणे, आणि आम्ही ते म्हातारपणाचे बोलणे म्हणून सोडून देत असू. मांडीचा स्नायू गुडघ्याचा भार उचलतो, तो गेला की सगळा भार सांध्यावर येतो, आणि ज्या सांध्याला चालण्यातून अन्न मिळते त्याला आपण उपाशी ठेवतो आहोत, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पण आईने सांगितले होते. आम्ही तिचे वाक्य ऐकले, त्याचे वाचन केले नाही.

मध्येच एक आठवण. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा आईने तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली होती. मराठीत याच क्रियेने दृष्ट काढतात आणि याच शब्दांनी शिव्याशापही देतात. तो आवाज सांध्यातल्या द्रवाचा असतो. बोट ताणले की द्रवात विरघळलेल्या वायूचा बुडबुडा एकाएकी तयार होतो. आवाजाच्या त्या क्षणी सांध्यात पोकळी उमटते, हे २०१५ मध्ये चुंबकीय प्रतिमांत पाहिले गेले. आईची बोटे अजून वाजतात, हे आम्ही डॉक्टरांना कारण नसताना सांगितले. ते हसले.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे सोपे नव्हते. वर्षभर आम्ही व्यायाम करून पाहिला: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली घ्यायचा. सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या. डावा गुडघा स्पष्ट सुधारला, जिना चढण्याइतका. उजव्याला उशीर झाला होता. पैशाची चिंता पूर्वीइतकी नव्हती. १६ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत, कर वगळता, दीड लाखाच्या घरातून ५४,७२० रुपयांवर आली होती. चिंता होती ती वेगळी. डॉक्टरांनी नमुना हातात दिला. मांडीच्या हाडावर धातूची टोपी, नडगीवर धातूचे ताट, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीनची पांढरी चकती. म्हणजे धातूलाही मधली जागा लागतेच. आईने ती चकती नखाने दाबून पाहिली. ती दबली नाही.

"ह्यो जेवतो का?" तिने विचारले. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही, आम्हाला कळला. मग तिने विचारले, खाली मांडी घालून बसता येईल का? डॉक्टर म्हणाले, नको. तिने मान हलवली आणि तिसरा प्रश्न विचारला: काढलेला तुकडा तुम्ही काय करता? तो नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "जाळा, पर आदी मला दाखवा."

दिवाळीनंतरची तारीख ठरली आहे. त्याआधी तिला एकदा शेतावर जायचे होते. मागच्या रविवारी गाडी बांधापर्यंत नेली. तिथून विहीर दोनशे पावलांवर. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. काठी डाव्या हातात घेऊन ती निघाली. आम्ही घडीची खुर्ची उचलून मागे चालत होतो. ती तीनदा थांबली. तिन्ही वेळा आम्ही खुर्ची उघडली आणि तिन्ही वेळा तिने मागे न पाहता हाताने नको म्हणून सांगितले. विहिरीच्या कठड्याला टेकून तिने एक बोंड तोडले, सरकी चाचपली आणि विचारले, "औंदा दोनच वेचण्या हुतील का रं?"